‘थम’नंतरची टाळी

पंधरा ऑगस्टला पहाटे साडेपाचला आम्ही ड्रम शेकायचो. रात्रभर पाऊस झालेला असायचा. चामड्याचं पान दमट होऊन सैल पडायचं आणि काडी मारली की नुसता ‘थप’ असा मेलेला आवाज यायचा. पीटीच्या खोलीमागच्या पत्र्याखाली बँडचे सर रद्दीचा जाळ करायचे. जाळापासून हातभर अंतरावर ड्रम धरायचा आणि गोल फिरवत राहायचं. जवळ नेला तर पान तडकायची भीती, लांब धरला तर प्रभातफेरी निघेपर्यंत ताण यायचा नाही. मधूनच सर नखानं टिचकी मारून कान लावायचे आणि म्हणायचे, “अजून दोन मिनिटं.” आपल्या शाळेचं नाव निघालं की मला आधी तो ओल्या कागदाचा धूर आठवतो.

१९८७ साली आठवीत असताना मी बँडपथकात गेले आणि १९९० साली दहावी होऊन बाहेर पडले. तिन्ही वर्षं साइड ड्रम. आम्ही पंचवीस जणी होतो. पुढं दंड घेतलेली एक, मागं बिगूल, बासऱ्या, आम्ही सहा साइड ड्रमवाल्या, बेस ड्रम, झांजा आणि अगदी शेवटी ट्रँगलच्या दोन लहान मुली. बेस ड्रम उचलणारी माझी वर्गमैत्रीण अंगानं माझ्याहून बारीक होती. वळणावर समोरचं तिला काही दिसायचं नाही, शेजारणीच्या बुटांकडे बघून ती वळायची. माझ्या डाव्या मांडीवर ड्रमच्या कड्यानं पडलेला निळा डाग जानेवारीपासून एप्रिलपर्यंत राहायचा. आई रोज हळद लावायची आणि रोज म्हणायची, “सोड तो बँड.” मी काही सोडला नाही.

सुवर्ण महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी शाळेची एखादी आठवण लिहून पाठवा, असं समितीनं कळवलं, तेव्हा मनात आला तो एक जुना प्रश्न. बँडमधली एक मुलगी मला तो विचारून गेली आणि गेली पस्तीस वर्षं मी त्याचं उत्तर शोधते आहे. पण त्याआधी बँडमधल्या मुलाचं जग कसं असतं ते सांगायला हवं, कारण बाहेरून ते दिसत नाही.

‘तेज चल’ म्हटलं की मिनिटाला १२० पावलं. म्हणजे एका पावलाला अर्धा सेकंद. बेस ड्रमचा ठोका डाव्या पायावर. नजर समोरच्या मुलीच्या मानेवर, आणि ती तिथून हलवायची नाही. परेडमधल्या बाकीच्या तुकड्यांना मंचासमोरून जाताना निदान ‘दाहिने देख’ असतं, त्यांची मान वळते, समोर बसलेली माणसं क्षणभर तरी दिसतात. आम्हाला तेही नसायचं. सर सांगायचे, बँडनं मान वळवली की ठोका वळतो, आणि ठोका वळला की मागची सगळी शाळा वळते. नाटकात काम करणाऱ्या मुलाला अंधारातसुद्धा प्रेक्षक जाणवतात. कबड्डी खेळणारा मुलगा चढाई करून परत फिरला की रेषेबाहेरच्या मित्रांकडे बघतो. पुण्यात ज्ञानप्रबोधिनी, रमणबाग, नूमवि या शाळांच्या मुलांनी ढोल-ताशाची जी परंपरा उभी केली, तिथं माणसं वादकांना खेटून उभी असतात, नजरेला नजर भिडते. चालत्या बँडमधल्या मुलाला यातलं काहीच मिळत नाही. हजार माणसांमधून तो जातो आणि त्याला दिसते फक्त पुढच्याची मान. बघणाऱ्यांकडून त्याच्यापर्यंत काही पोहोचायचं असेल तर ते कानावाटेच पोहोचतं.

आणि ऐकू काय यायचं? काही नाही. प्रभातफेरी पेठेतून जायची. दारात सडा टाकणाऱ्या बायका थांबून बघायच्या, चहाच्या हॉटेलातली माणसं कप हातात घेऊन बाहेर यायची. त्यांच्या मनात कौतुक होतं, यात मला आज शंका नाही. पण ते कौतुक फक्त चेहऱ्यावर असायचं आणि चेहरे आम्हाला दिसत नव्हते.

शाळेत झेंडावंदनाला आम्ही राष्ट्रगीत वाजवायचो, ५२ सेकंदांत बसवलेलं. त्यानंतर टाळी वाजवायची नसते, आणि ते बरोबरच आहे. तो काही कार्यक्रम नव्हे. मात्र बँडच्या वाट्याला वर्षातून हमखास येणारी वेळ तीच, आणि लगेच पाहुण्यांचं भाषण सुरू व्हायचं. भाषणाला टाळ्या पडायच्या, बक्षिसांना पडायच्या, आभाराला पडायच्या. महिनाभर रोज सकाळी सहाला येऊन वाजवणाऱ्या मुली तोवर मैदानाच्या कडेला ड्रमवर कापड गुंडाळत बसलेल्या असायच्या.

सर याबद्दल एकच वाक्य बोलायचे. “आपण झेंड्यासाठी वाजवतो, टाळ्यांसाठी नाही.” मी ते वाक्य आजही मानते. वाजवणाऱ्यानं टाळी मागू नये, टाळीवर डोळा ठेवून वाजवू नये, याबाबत सरांचा शब्द शेवटचा. पण पुढं मी पाहिलं की हेच वाक्य बघणारी माणसं स्वतःसाठी वापरतात. “मुलांना कशाला सवय लावायची? शिस्त शिकताहेत, शिकू द्या.” सरांनी ते आम्हाला सांगितलं होतं, बाजूच्या खुर्च्यांवर बसलेल्यांना नव्हे. पंगतीत वाढणाऱ्यानं शाबासकीची वाट पाहू नये हे खरं, पण म्हणून जेवणाऱ्यानं तोंड पुसून मुकाट उठून जावं असं आपल्याकडे कोणी मानत नाही.

आता तो प्रश्न. मी नववीत असताना बाहेरच्या एका समारंभात पाहुण्यांच्या स्वागताला आपला बँड बोलावला होता. सकाळी नऊला आम्ही उभ्या राहिलो, पाहुणे साडेअकराला आले. मार्चमधलं ऊन होतं. बिगूलवाल्या मुलीचे ओठ इतके सुकले की बिगूल तोंडाला लावताच रक्त आलं. बिगुलाला कळ नसते, सगळे स्वर ओठांच्या ताणावर काढायचे, त्यामुळे फुटलेल्या ओठांनी वाजवणं म्हणजे काय हे वाजवणाऱ्यालाच कळेल. पाहुणे गाडीतून उतरले आणि आम्ही आझाद हिंद सेनेचं कूचगीत सुरू केलं. कॅप्टन रामसिंग ठाकुरी यांनी बांधलेली ती चाल, आम्ही दोन महिने बसवलेली. दुसरं कडवं चालू असतानाच ध्वनिक्षेपकावरून पुढच्या कार्यक्रमाची घोषणा झाली. आम्ही पूर्ण वाजवून थांबलो, तेव्हा मंडपातल्या सगळ्या पाठी आमच्याकडे होत्या.

परत येताना ट्रँगलवाल्या दोघींपैकी सहावीतली मुलगी माझ्या शेजारी चालत होती. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “ताई, त्यांना ऐकू गेलं ना?”

ती रडत नव्हती, रुसलेलीही नव्हती. तिला खरोखरच माहिती हवी होती. पंचवीस जणींमध्ये तिचं वाद्य सर्वांत छोटं, आणि आपला आवाज कुठंतरी पोहोचला का, हे तिला कळायला काही मार्गच नव्हता. मी “हो” म्हणाले. मलाही माहीत नव्हतं.

त्यानंतरच्या पंधरा ऑगस्टला मात्र मला एक माणूस भेटला. आपला सातारा जिल्हा फौजेचा. अपशिंग्यासारखं गाव इथं नावापुढं ‘मिलिटरी’ लावून मिरवतं, आणि आपल्या गावातही दर दोन-चार घरांआड कोणीतरी पलटणीत गेलेला. जुन्या वाड्यांच्या बोळातून प्रभातफेरी चौकात यायची. बोळाच्या तोंडाशी एक म्हातारे गृहस्थ सावधानमध्ये उभे होते. धोतर, वर खाकी कोट, छातीवर तीन पदकं. बँड जाईपर्यंत ते हलले नाहीत. चौकात सरांनी ‘थम’ दिला, शेवटचा ठोका पडला, पावलं थांबली. एक क्षण अगदी शांत गेला आणि त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. एकटेच. सावकाश, मोठ्या, कोरड्या टाळ्या. मग हॉटेलातली माणसं वाजवू लागली, मग दारातल्या बाया.

ते आमच्याजवळ आले आणि साइड ड्रमच्या रांगेला म्हणाले, “पोरींनो, त्या बोळात आवाज भितीवरनं उलटून येतो. भल्याभल्यांचं पाऊल चुकतं तिथं. तुमचं न्हाई चुकलं.”

त्या बोळासाठी सरांनी आमची आठवडाभर तालीम घेतली होती. उलटून येणारा ठोका कानाआड करायचा आणि शेजारणीचा धरायचा. ही गोष्ट आमच्याखेरीज गावात कोणाला ठाऊक असेल असं आम्हाला वाटलं नव्हतं. ट्रँगलवाली माझ्याकडे बघून नुसती हसली.

मी आता एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. ध्वनीचा धडा आला की त्या गृहस्थांची टाळी आठवते, कारण त्यांनी ती कधी वाजवली हेही तितकंच मोलाचं होतं. लोक उत्साहानं चालत्या बँडबरोबर ठेक्यावर टाळ्या धरतात. हेतू चांगला असतो, पण ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. पस्तीस मीटरवर उभ्या माणसाला ठोका दशांश सेकंद उशिरा ऐकू येतो, आणि त्याची टाळी आमच्याकडे यायला पुन्हा तितकाच वेळ. म्हणजे ती दोन दशांश सेकंद मागं पडते, आणि आमचं पाऊल तर अर्ध्या सेकंदाचं. आधीच घाबरलेली नवी मुलगी त्या टाळीला ठोका समजते आणि तिचा पाय चुकतो. म्हणून बँड चालत असताना ऐकायचं, आणि ‘थम’ झाल्यावर टाळी द्यायची.

द्यायची म्हणजे द्यायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे. वाजवलं कसं हा पुढचा प्रश्न. बासऱ्या बेसूर झाल्या असतील, रोल तुटला असेल, ते सर नंतर बघून घेतील. अकरा-बारा वर्षांचं मूल पहाटे उठून, जड वाद्य अंगावर घेऊन, मान न वळवता तुमच्यासमोरून चालत गेलं, एवढ्यावरच तुम्ही त्याचं देणं लागता. आणि ते फक्त आपल्या मुलापुरतं नाही. आपलं मूल ज्या रांगेत आहे ती पुढं गेली की पाठ फिरवणारे पालक मी दर वर्षी पाहते. तसंच हातात मोबाइल धरून चित्रण करणारे. त्यांचं प्रेम खरं आहे, पण त्यांचे दोन्ही हात गुंतलेले असतात आणि तो व्हिडिओ मुलाला संध्याकाळी दिसतो. चौकात थांबल्यावर त्याच्या कानावर काहीच आलेलं नसतं.

महोत्सवाच्या दिवशी सकाळी शोभायात्रा निघणार आहे आणि पुढं शाळेचा बँड असेल, असं समितीकडून कळलं. आता पानं प्लॅस्टिकची आहेत, शेकावी लागत नाहीत. मार्ग मात्र तोच, पेठ, बोळ आणि चौक. माझ्या वर्गातल्या सगळ्या जणींना मी कळवून ठेवलंय की मोबाइल पर्समध्ये ठेवा आणि ‘थम’ची वाट बघा. पीटीच्या सध्याच्या बाईंना विचारून घेतलं, ट्रँगल अजून शेवटच्या रांगेतच असतो. मी चौकात त्या बाजूला उभी असेन.