'ऑल द थिंग्ज यू आर'वर सोलो घेताना

जाझ गिटार शिकणाऱ्याला हे गाणं कधी ना कधी गाठतंच. जेरोम कर्नने १९३९ मध्ये ब्रॉडवेच्या एका म्युझिकलसाठी ही चाल केली, म्युझिकल ५९ प्रयोगांत गुंडाळलं गेलं आणि गाणं मात्र टिकलं. ऐकायला साधं, गोड, पण सोलो (आयत्या वेळी सुचेल ते वाजवणं) घ्यायला गेलं की ३६ बारमध्ये (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक तुकडा) सा पाच ठिकाणी फिरतो, ए-फ्लॅट, सी, ई-फ्लॅट, जी आणि ब्रिजच्या, म्हणजे गाण्याच्या मधल्या भागाच्या, शेवटी थेट ई मेजर. माझे कान तंबोऱ्यावर तयार झालेले, आपल्याकडे षड्जचालन (दुसऱ्याच सुराला सा मानणं) केलं तरी तंबोरा जागचा हलत नाही, इथे तंबोराच उठून दुसऱ्या खोलीत जातो!

मग प्रत्येक कॉर्डला (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटाला) वेगळी स्केल लावायचा नाद सोडला आणि कागदावर नुसते टू-फाइव्ह-वन, म्हणजे स्केलच्या दुसऱ्या, पाचव्या आणि पहिल्या सुरावरचे ओळीने येणारे कॉर्ड, शोधून त्यांना गोल केले. पहिले पाच बार ए-फ्लॅटचेच, एफ मायनरपासून सिक्स-टू-फाइव्ह-वन-फोर, मग उरलेल्या तिनात सी मेजर. पुढचे आठ बार म्हणजे हाच सगळा प्रकार एक फोर्थ (सा ते म एवढं अंतर) खाली, सी मायनरपासून. एवढं दिसल्यावर निम्मी भीती गेली.

पण खरी मजा थर्डमध्ये, म्हणजे कॉर्डच्या मूळ सुरापासूनच्या तिसऱ्या सुरात आहे. मेट्रोनोम लावून फक्त थर्ड वाजवत गेलो, एफ मायनरचा ए-फ्लॅट, बी-फ्लॅट मायनरचा डी-फ्लॅट, ई-फ्लॅट सेव्हनचा जी, तर हळूहळू कर्नची चालच बोटांखाली यायला लागली, कारण चाल बहुतेक ठिकाणी थर्डवरच टेकते. कसला हुशार माणूस.

ब्रिजचा शेवट तर मी अजून रोज घोळवतो. ई मेजरवर चाल जी-शार्पवर थांबते, तो तिथला थर्ड. पुढे सी सेव्हन येतो, त्यात तोच सूर शार्प फाइव्ह (अर्ध्या स्वराने चढवलेला पाचवा सूर) होतो, आणि एफ मायनर आला की तोच ए-फ्लॅट (जी-शार्पचंच दुसरं नाव) म्हणून परत थर्ड! त्यामुळे सोलोत तिथे काही सुचेना झालं की मी तो एकच सूर धरून वेगवेगळ्या लयीत वाजवतो, कॉर्ड खालून बदलत राहतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं काहीतरी भारी चाललंय.

शेवटच्या १२ बारमध्ये डी-फ्लॅट मेजरचा मायनर होतो आणि तिथून बास सी, बी, बी-फ्लॅट असा अर्ध्या-अर्ध्या स्वराने उतरतो, तिथे डोकं न लावता बासच्या मागे जायचं. आता फक्त टेम्पो वाढवायचाय.