बाबांचा बी-२७५ मेळ्यात न्यायचा की नाही

आमच्या घरात जमिनीवरून कधी वाद झाला नाही, इंदूरच्या घराची वाटणीही चहा पिता पिता झाली. पण अकरा वर्षं कडुलिंबाखाली उभ्या असलेल्या लाल ट्रॅक्टरवरून दादा माझ्याशी पंधरा दिवस बोलला नाही.

मागच्या दिवाळीनंतर भाच्यानं बातमी आणली. फेब्रुवारीत बायपासकडच्या एका मैदानावर जुन्या गाड्यांचा मेळा भरणार होता आणि या खेपेला जुन्या ट्रॅक्टरांची वेगळी रांग लागणार होती. "आत्या, आपला नेऊ या ना." मी तिथल्या तिथे हो म्हटलं. दादानं जेवता जेवता मान वर केली आणि म्हणाला, "तो नांगर ओढायला घेतला होता. लोकांनी शेजारी उभं राहून फोटो काढायला नाही."

ट्रॅक्टर आहे इंटरनॅशनल बी-२७५. पस्तीस हॉर्सपॉवर, चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, आठ गिअर पुढे आणि दोन मागे. इंग्लंडमध्ये हे मॉडेल डॉनकास्टरला बनायचं. १९६३ मध्ये महिंद्र आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून मुंबईत कंपनी काढली आणि तिथे हेच ट्रॅक्टर तयार होऊ लागले. बाबांनी आमचा घेतला १९६७ मध्ये, जमीन गहाण ठेवून. तेव्हा पैसे हातात असूनही ट्रॅक्टर मिळत नसे, नंबर लावून बसावं लागे. १९६१ साली सगळ्या देशात मिळून ८८० ट्रॅक्टर बनले होते. आता वर्षाला नऊ लाखांच्या वर खपतात.

बाबा त्याआधी बुदनीला शिकून आले होते. नर्मदेकाठच्या बुदनीत १९५५ मध्ये सरकारनं ट्रॅक्टर चालवणं आणि दुरुस्ती शिकवणारं केंद्र काढलं, ते अजूनही आहे आणि देशातले नवे ट्रॅक्टर तिथे तपासले जातात. ते केंद्र तिथेच का, हेही बाबा सांगायचे. मध्य भारतातली लाखो एकर काळी जमीन कांस गवतानं गिळली होती. कांसाची मुळं इतकी खोल जातात की बैलांच्या नांगराला दाद देत नाहीत. १९४९ मध्ये जागतिक बँकेनं भारताला शेतीच्या यंत्रांसाठी एक कोटी डॉलरचं कर्ज दिलं ते मुख्यतः हे कांस उपटायला. त्या मोठ्या यंत्रांवर बसायला माणसं हवी होती, ती तयार करायला शाळा हवी होती. बाबांची तिथली वही आईनं देवघराच्या कपाटात ठेवली आहे.

हे सगळं मनात असल्यामुळे मला मेळ्याला जायचं होतं. राजेरजवाड्यांच्या मोटारी सगळे जपतात. माळव्याची जमीन ज्यांनी बदलली ते ट्रॅक्टर मात्र भंगारात किलोच्या भावानं गेले.

दादाचं म्हणणं मी इथे नीट लिहिते, कारण ते हट्टाचं नव्हतं. खर्च तर होताच. पण त्याहून जास्त त्याला लागत होतं ते वेगळं. गावातल्या ज्यांनी असे ट्रॅक्टर कर्जापायी विकले त्यांच्यासमोर आपण आपला सजवून मिरवायचा, हे त्याला पटत नव्हतं. आणि बाबांनी आयुष्यात कधी काही मिरवलं नाही. आई म्हणाली, "न्या, पण मलाही न्या." वहिनीचं मत असं की नेणार असाल तर आधी चालू करून दाखवा. भाच्याला तर शोरूमसारखा रंग हवा होता, त्यानं गॅरेजकडून अंदाजही घेऊन ठेवला होता.

वहिनीचं ऐकलं ते बरं झालं.

अकरा वर्षं उभ्या इंजिनाला लगेच स्टार्टर मारायचा नसतो. आमच्या ड्रायव्हरकाकांनी हे पहिल्याच दिवशी बजावलं. काका आता चौऱ्याहत्तरचे आहेत, बाबांच्या हाताखाली सोळाव्या वर्षी या ट्रॅक्टरवर बसले आणि चाळीस वर्षं बसले. त्यांनी मिस्त्रीकडून सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे चारही नोझल काढवले, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइल मिसळून ओतलं आणि आठ दिवस हात लावू दिला नाही. मग हातानं इंजिन फिरवून पाहिलं. नवव्या दिवशी ते बोटभर हललं, आणि काकांनी तेवढ्यावर त्या दिवसाचं काम थांबवलं.

बाकीचं काम पटापट सांगते. एअर फिल्टरमध्ये उंदराचं घरटं, रेडिएटरच्या जाळीत गांधीलमाशीची मातीची घरं. टाकीत गंज, तो बारीक खडी आणि डिझेल घालून, टाकी हलवून हलवून काढला. डिझेल पंप आणि नोझल पंप दुरुस्त करणाऱ्याकडे गेले. क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटून बसली होती, पेडल लाकडानं दाबून ठेवलं तेव्हा चौथ्या दिवशी सुटली. या मॉडेलचे सुटे भाग इंदूरच्या सियागंज बाजारात अजून मिळतात, कारण हे मॉडेल पुढे कित्येक वर्षं बनत राहिलं. तुमच्याकडे दुसरा एखादा दुर्मीळ ट्रॅक्टर असेल तर आधी भाग मिळतात का ते बघा, मगच इंजिन उघडा.

कागदांना मात्र वेळ लागला. आरसी, म्हणजे नोंदणीचा कागद, बाबांच्या नावावर, बाबा १९९८ मध्ये गेले, नूतनीकरण कुणी केलंच नव्हतं. मला वाटलं होतं, पन्नास वर्षांवरच्या वाहनांना २०२१ पासून व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, तेच करू. आरटीओच्या खिडकीवरच्या बाईंनी नियम काढून दाखवला. ती सोय दुचाकी आणि खासगी चारचाकी मोटारींना आहे, ट्रॅक्टर त्यात बसत नाही. मी तो परिच्छेद दोनदा वाचला. बाबांच्या ट्रॅक्टरपेक्षा लहान वयाची मोटार 'वारसा' ठरते आणि हा ठरत नाही, याचं मला खरंच वाईट वाटलं, आजही वाटतं. नेहमीचा रस्ता उरला: मालक वारल्यावर नाव बदलायला फॉर्म ३१, नूतनीकरणाला फॉर्म २५, सोबत वारसांची संमती. संमतीच्या कागदावर दादाची सही लागत होती. त्यानं सही केली. "कागद नीट असावेत," एवढंच म्हणाला. ही कामं मेळ्याच्या तारखेपर्यंत होणार नव्हती, आणि आरसी, विमा नसताना रस्त्यावर चालवायचा नाही हे माझं पक्कं होतं. म्हणून ट्रक ठरवला.

मधल्या काळात रंगाचा विषय पेटला. भाच्यानं एका रविवारी डाव्या मडगार्डवर तळहाताएवढी जागा पॉलिशपेपरनं घासली. वरचा लाल रंग बाबांनी मधे कधीतरी मारून घेतलेला होता. तो गेल्यावर खाली जुना, जरा गडद लाल दिसला आणि त्यावर पांढरी अक्षरं उमटायला लागली. आम्ही ओल्या फडक्यानं पुसत पुसत पुढे गेलो. 'दसरा, संवत् २०२४'. पेंटरनं हातानं लिहिलेलं, 'द' जरा तिरका. म्हणजे १९६७ चा दसरा. आईला विचारलं तर म्हणाली, हो, राजवाड्याजवळून पेंटर बोलावला होता, पूजा झाली आणि मग त्यानं लिहिलं. पुढे रंग मारताना ते झाकलं गेलं आणि आम्हा भावंडांना ते कधी दिसलंच नव्हतं.

भाच्यानं पॉलिशपेपर खाली ठेवला आणि गॅरेजवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं.

माझी मावसबहीण आयोवात असते. तिथे माउंट प्लेझंट गावात १९५० पासून दर वर्षी जुन्या मळणीयंत्रांचा आणि ट्रॅक्टरांचा पाच दिवसांचा मेळा भरतो. तीही सांगत होती की रंगाचा वाद तिथेही आहे. काही जण आरशासारखे चकचकीत करून आणतात, काही गंजासकट, 'कामाच्या कपड्यांत'. मी दुसऱ्या बाजूची. नवा रंग मारला की ट्रॅक्टर कारखान्यातून निघाला त्या दिवशी कसा होता तेवढं कळतं. त्यानं पुढे काय केलं ते सगळं पुसलं जातं. स्टिअरिंगवर काकांचा उजवा हात जिथे असायचा तिथला काळा थर झिजून आतली तार दिसते. ती झाकायची कशाला?

चालू केला तो दिवस जानेवारीतला, सकाळी थंडी होती. डिझेल लाइनमधली हवा काढायला काका स्वतः बसले. फिल्टरवरचा स्क्रू सैल केला, हातपंप दाबत राहिले. आधी नुसता फेस, मग बुडबुडे, मग बुडबुड्याशिवाय सरळ धार. स्क्रू आवळला. तसंच पंपावर, तसंच एकेका नोझलच्या नटावर. घाई केली आणि एक बुडबुडा आत राहिला तर पुन्हा पहिल्यापासून. मग हीटरची कळ दाबून धरली आणि स्टार्टर मारला. दोनदा नुसताच घरघरला. तिसऱ्यांदा पांढरा धूर आला, एका सिलिंडरनं ठोका दिला, मग दुसऱ्यानं. मिस्त्री पुढे होऊन थ्रॉटल ओढायला लागला तर काकांनी त्याचा हात धरला. "अब मत छेड़ो, बोलने दो इसको." मिनिटभरात चारही सिलिंडर लागले. काकांनी बॉनेटवर पंजा ठेवला आणि डोळे मिटून उभे राहिले. दादा गोठ्याच्या दाराशी होता. जवळ आला नाही, पण आतही गेला नाही.

ट्रकवर चढवायचं एक सांगून ठेवते, कारण यात लोक जिवानिशी जातात. उतारावर किंवा फळीवर ट्रॅक्टर पुढच्या गिअरमध्ये चढवला की पुढची चाकं उचलली जाऊन तो मागे उलटू शकतो. म्हणून रिव्हर्समध्ये चढवायचा. आम्ही फळ्यांऐवजी शेताच्या बांधाचा उंचवटा वापरला, ट्रक मागून बांधाला लावला आणि काकांनी ट्रॅक्टर सरळ मागे घेत त्यावर चढवला. गिअरमध्ये ठेवून, हॅण्डब्रेक लावून, चाकांना लाकडी ठोकळे आणि चारही कोपऱ्यांना साखळी.

मेळ्यात आमच्या रांगेत सात ट्रॅक्टर होते. एक सिलिंडरचा, हवेवर थंड होणारा जुना आयशर होता. १९५९ मध्ये फरीदाबादला देशातला पहिला ट्रॅक्टर बनला तो आयशरच. पिंजोरचा एचएमटी २५११ होता, चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरवरून बनवलेला. राखाडी रंगाचा एक छोटा फर्ग्युसन होता, त्याच्याभोवती सगळ्यात जास्त गर्दी. प्रत्येकासमोर लावायला आयोजकांनी छापील पाटी दिली होती: मॉडेल, वर्ष, मालक. मी मार्करनं खाली आणखी एक ओळ घातली, 'चालक', आणि काकांचं पूर्ण नाव लिहिलं. काका चौथीपर्यंत शिकलेले. अक्षरांवर बोट ठेवून त्यांनी ती ओळ वाचली आणि मग दिवसभर पाटीच्या बाजूलाच उभे राहिले. लोक प्रश्न त्यांनाच विचारायचे, आणि बरोबरच होतं ते. मला क्लच कुठे असतो एवढंच सांगता आलं असतं.

आई खुर्चीवर बसून मडगार्डवरच्या अक्षरांची गोष्ट येईल त्याला सांगत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी देपालपूरकडचे एक शेतकरी आले. साठीचे असतील. बराच वेळ ट्रॅक्टरभोवती फिरले, मागे अवजार जोडायच्या टॉप लिंकची पिन काढून बघितली, परत घातली. त्यांच्या वडिलांकडे असाच होता, सोयाबीन बुडालं त्या वर्षी तो विकून देणी फेडली. मग माझ्याकडे वळून हिंदीत म्हणाले, "आपको रखना पुसाया, बाई." तुम्हाला ठेवायला परवडलं. आवाजात राग नव्हता. मला काही उत्तर सुचलं नाही. मी त्यांना सीटवर बसायला सांगितलं, ते नको म्हणाले आणि निघून गेले.

मेळा संपल्यावर रात्री ट्रॅक्टर गावात उतरवला. दादा कंदील नव्हे, मोबाइलचा दिवा धरून आला, सगळ्यात आधी डिपस्टिक काढली, पुसली, घातली, पुन्हा काढली. "ऑइल कमी आहे," म्हणाला. मी त्याला देपालपूरच्या माणसाचं सांगितलं. तो थोडा वेळ डिपस्टिक हातात धरून उभा राहिला. "मी तेच म्हणत होतो," एवढं बोलला.

मी अजूनही म्हणते की नेला ते योग्य केलं. मी नेला नसता तर ते गृहस्थ दहा मिनिटं आपल्या वडिलांच्या ट्रॅक्टरजवळ उभे राहिले नसते, आणि काकांचं नाव कुठल्याही कागदावर आलं नसतं. दादा म्हणतो, त्या माणसाची जखम उघडायचा तुला काय अधिकार. यावर आमचं दोनदा बोलणं झालं, दोन्ही वेळा तिथेच थांबलं. मधल्या काळात एक झालं. उन्हाळ्यात दादानं कुणाला न सांगता त्याला नांगर जोडला आणि विहिरीकडचं अर्धं शेत नांगरलं. आरसीही आता दादाच्या नावावर होऊन आली आहे.

या फेब्रुवारीसाठी पुन्हा विचारणा आली आहे. दादाचं नाही. आईचं हो, आणि या वेळी तिला दोन्ही दिवस यायचंय. भाच्याला फक्त बॅटरी नवी घ्यायची आहे. काकांना मी फोन केला तेव्हा त्यांनी विचारलं, पाटी तीच लावणार का. ती पाटी मी पुसून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, बाबांच्या बुदनीच्या वहीशेजारी ठेवली आहे. डाव्या मागच्या चाकाची ट्यूब तेवढी बदलून घ्यायला हवी, नांगरणीच्या वेळी हळूहळू हवा जात होती.