आर्गो नॅव्हिसमध्ये आपली स्वतःची यादी

माझ्या दहा इंची डॉब्सोनियनला, म्हणजे हाताने ढकलायच्या आरशाच्या दुर्बिणीला, आर्गो नॅव्हिस लावलेला आहे. ऑस्ट्रेलियात बनणारा हा छोटा संगणक दुर्बीण स्वतः फिरवत नाही. दोन्ही अक्षांवरचे एन्कोडर (फिरलेला कोन मोजणारे) वाचून तो कुठल्या दिशेला किती अंश ढकलायचे ते दोन ओळींच्या पडद्यावर दाखवतो, ढकलायचं आपण. आत हजारो वस्तू कंपनीनेच भरून दिल्या आहेत. मग पुन्हा स्वतःची यादी कशाला, हा प्रश्न बरोबरच्या मंडळींनी मला बऱ्याचदा विचारलाय.

उत्तर आपल्या अक्षांशात आहे. आयत्या मिळणाऱ्या बहुतेक याद्या युरोप-अमेरिकेतल्या निरीक्षकांसाठी केलेल्या. हर्शेल ४०० ही चारशे वस्तूंची यादी घ्या. विल्यम हर्शेलने ती निरीक्षणं इंग्लंडातून, साधारण ५१ अंश उत्तरेवरून केली. त्यामुळे नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ (क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंतर, उणे ४७ अंश; उणे म्हणजे दक्षिणेला) तिच्यात असणं शक्यच नाही. आणि आमच्या पुणे जिल्ह्यातल्या वेल्ह्याच्या माळावरून तोच गुच्छ क्षितिजापासून चोवीस अंश वर येतो! ज्या यादीत तो नाही ती यादी आपली कशी म्हणायची?

कॅल्डवेलचं उलट. ब्रिटिश खगोल-लेखक पॅट्रिक मूरने १९९५ साली केलेली ही १०९ वस्तूंची यादी उत्तरेकडून दक्षिणेकडे, क्रांतीच्या क्रमाने लावलेली आहे. त्यामुळे छाटणी सोपी. वेल्हे साधारण १८.३ अंश उत्तरेवर, म्हणजे उणे ७१.७ च्या खालचं काहीच उगवत नाही. शेवटचे चार क्रमांक, १०६ ते १०९, सरळ बाद. पण डोंगर आणि क्षितिजावरची धूळ धरली तर दहा अंशांच्या खाली काही बघण्यात अर्थ नसतो, म्हणून मी कात्री उणे ६२ च्या आसपास चालवली. ईटा कॅरिनी तेजोमेघ जेमतेम वाचला. बारा अंशांवर येतो, पण सोडवत नाही.

दुसरं कारण पावसाळा. जून ते सप्टेंबर आकाश झाकलेलं, त्यामुळे धनू-वृश्चिकातला सगळा ऐवज आपण एप्रिल-मेमध्ये मध्यरात्रीनंतर उरकला नाही तर त्या वर्षापुरता गेलाच. हे कुठल्याही आयत्या यादीत लिहिलेलं नसतं. म्हणून प्रत्येक वस्तूच्या नावाआधी मी विषुवांशाचा (आकाशातल्या पूर्व-पश्चिम स्थानाचा) तास घातला. २१ डिसेंबरला मध्यरात्री सहा तासांचा भाग मध्यमंडलावर, म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर असतो, २१ मार्चला बारा तासांचा. एवढं डोक्यात असलं की अंधारात यादी चाळताना आत्ता काय बघायचं ते नुसत्या आकड्यावरून कळतं.

निवड करणं हा मजेचा भाग. कॅल्डवेल आणि मेसिएचं निवडक घेतलं, त्यात स्वतःच्या आवडीच्या गोष्टी घातल्या. व्याधाच्या पश्चिमेला शशकातला तो लालभडक कार्बन तारा आर लेपोरिस, जिराफातली केंबलची ताऱ्यांची रांग, जंबुकातला कोट-हँगर. यादी मुद्दाम शंभराच्या आत ठेवली. पाचशे वस्तूंची यादी रात्री कोणी पुरी करत नाही, नुसती चाळत बसतं.

खरा वेळ खाल्ला तो फाइलने. साधी टेक्स्ट फाइल, एका वस्तूची एक ओळ. ओळीत नाव, विषुवांश, क्रांती, प्रकार, प्रत (तेजस्वितेचा आकडा) आणि टीप, मध्ये उभी रेघ. ऐकायला पोरखेळ. पण आकडे गोळा करायला मी एक्सेल वापरतो आणि एक्सेलला दोन अपूर्णविरामांमध्ये आकडा दिसला की ती घड्याळाची वेळ वाटते. ०५:३५:१७ हा मृगातल्या तेजोमेघाचा विषुवांश आहे, पहाटेची वेळ नव्हे, हे त्याला कोण समजावणार? काही पेस्ट करण्याआधी रकान्यांचं फॉरमॅट टेक्स्ट करून घेणं हाच उपाय.

विकिपीडियावरून क्रांती उचलणाऱ्यांनी एक गोष्ट बघून घ्यावी. तिथलं उणे चिन्ह कीबोर्डवरचं साधं चिन्ह नसतं, छपाईतलं खास चिन्ह असतं. दिसायला सारखंच, आत कोड वेगळा. अशी सगळी चिन्हं मी शोधा-बदला करून साधी केली. अंशाचं वर्तुळ आणि ग्रीक अक्षरंही तशीच काढली.

उणे शून्य हे याहून वाईट. कुंभेतल्या एम २ या तारकागुच्छाची क्रांती उणे ० अंश ४९ कला (अंशाचे साठ भाग म्हणजे कला, कलेचे साठ म्हणजे विकला). अंश, कला, विकला वेगवेगळ्या रकान्यांत आकडे म्हणून ठेवले तर उणे शून्य आणि शून्य यांत संगणकाला फरकच दिसत नाही. चिन्ह गळतं आणि गुच्छ दीड अंशाहून जास्त उत्तरेला सरकतो. माझ्या २५ मिलीमीटरच्या नेत्रिकेतून सुमारे एक अंश आकाश दिसतं, म्हणजे एम २ त्यात सापडायचाच नाही. मृगाच्या पट्ट्यातला मिंटाका याच पंक्तीतला, उणे ० अंश १८ कला. म्हणून चिन्हाचा रकाना मी वेगळाच ठेवतो.

मग संदर्भवर्ष. जुन्या पुस्तकांतले सहनिर्देशक १९५० चे, यंत्राला हवेत २००० चे. अयनगती, म्हणजे पृथ्वीचा अक्ष हळूहळू फिरत असल्याने ताऱ्यांच्या आकड्यांत पडणारा फरक, वर्षाला सुमारे ५० विकला, पन्नास वर्षांत चाळीस कलांच्या वर. वस्तू पुन्हा नेत्रिकेच्या बाहेर! एन्कोडर दहा हजार टप्प्यांचे, म्हणजे एक टप्पा दोन कलांच्या थोडा वर. इतकं नेमकं यंत्र घ्यायचं आणि त्याला पाऊण अंश चुकलेला पत्ता द्यायचा, याला काय म्हणावं! आजचा हिशेब यंत्र स्वतः करतं, आपण आकडे २००० चेच द्यायचे. काही तक्त्यांत विषुवांश तासांऐवजी अंशांत असतो, त्याला पंधराने भागायचं.

टीपेच्या रकान्यात मी रोमन लिपीत मराठी लिहिलं, कारण पडद्याला देवनागरी येत नाही. ‘मोठी नेत्रिका लाव’, ‘तिरक्या नजरेने बघ’, ‘दक्षिण मोकळी हवी’, असलं. ओळ पडद्यावर सरकत जाते, त्यामुळे टीप आटोपशीर बरी. नावही पडद्याच्या सोळा अक्षरांत बसेल असंच.

चढवायचं काम आर्गोनॉट नावाच्या विंडोज प्रोग्रॅमने, सिरियल केबलवरून. लॅपटॉपला सिरियल पोर्ट नाही म्हणून यूएसबीचा अडॅप्टर लागतो. बाजारातून आणलेल्या पहिल्या स्वस्त अडॅप्टरचा ड्रायव्हर विंडोजने घेतलाच नाही, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण. एफटीडीआय चिपचा दुसरा आणला आणि कॉम पोर्टचा क्रमांक व वेग दोन्हीकडे जुळवला तेव्हा बोलणं सुरू झालं. पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा. आधी पाचच ओळींची फाइल चढवली, त्यात एम २ आणि मिंटाका मुद्दाम घातले. यंत्राच्या मूळ यादीतला एम २ आणि माझा एम २ यांचे आकडे घरीच जुळवून बघितले, ते जुळल्यावर पूर्ण फाइल चढवली.

माळावर व्याध आणि ब्रह्महृदय या दोन ताऱ्यांवर संरेखन केलं (यंत्राला दिशा ओळखायला लावल्या), माझ्या यादीतून आर लेपोरिस निवडला आणि पडद्यावरचे दोन्ही आकडे शून्याकडे येईपर्यंत नळी ढकलली. तारा नेत्रिकेत होता, मध्यापासून जरा डावीकडे, निखाऱ्यासारखा.

आता ही फाइल ओळखीच्यांमध्ये फिरते. नागपूरकरांना मी दक्षिणेकडच्या तीनेक अंशांतल्या वस्तू काढायला सांगितल्या. गोव्यातल्या एका मित्राला मात्र ४७ टुकान हा दक्षिणेचा तारकागुच्छ (कॅल्डवेलचा १०६) हवाच आहे. तो तिथे जास्तीत जास्त अडीच अंशांवर येतो, दिसणार काय कपाळ! तरी त्याच्या प्रतीत ओळ घातली आहे, टीपेत ‘नोव्हेंबर, रात्री नऊ’ एवढं लिहून.