तुम्ही विचारलंत म्हणून: यात बघायचं काय?

नागपुरात मी एलिमेंट्री-इंटरमिजिएटच्या मुलांना चित्रकला शिकवतो. क्लासच्या भिंतीवर चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या एका अमूर्त, म्हणजे ओळखीची कुठलीच वस्तू न दाखवणाऱ्या चित्राची छापील प्रत लावली आहे. मुलांना न्यायला आलेले पालक तिच्यापुढे थबकतात. "सर, यात बघायचं काय? असं तर आमचं पोट्टंही काढते."

काढू द्या की! पण आधी डच चित्रकार पीट मॉन्ड्रियनची झाडं मोबाइलवर ओळीने बघा. १९०८च्या सुमाराला सुरू केलेलं लाल झाड कोणीही ओळखेल. १९११च्या करड्या झाडात फांद्या कमानींसारख्या वळतात आणि मधली पोकळीही फांद्यांइतकीच ठसठशीत होते. १९१२च्या फुललेल्या सफरचंदात खोड जवळजवळ विरलेलं असतं. पुढे तर उभ्या-आडव्या रेघा आणि लाल, पिवळा, निळा एवढंच. झाड जमत नव्हतं म्हणून रेघा मारल्या, ही शंका मग उरत नाही.

मग चित्रकार अमूर्ताकडे वळले का? कॅमेरा आला आणि हुबेहूब काढायचं काम गेलं, असं कारण बहुतेक जण देतात. मला ते अर्धंच वाटतं. कॅमेरा १८३९चा, ही उलथापालथ विसाव्या शतकातली. रशियन चित्रकार कांडिन्स्कीला हेवा होता संगीताचा. तराण्यातल्या 'तोम तनन'चा अर्थ न विचारता आपण मान डोलावतो. रंगांनाही तशी मोकळीक का नको? स्वीडनमधली चित्रकार हिल्मा आफ क्लिंट तर १९०६मध्येच त्या वाटेला लागली होती. रशियन चित्रकार मालेविचने १९१५च्या प्रदर्शनात आपला काळा चौकोन खोलीच्या कोपऱ्यात, छताजवळ टांगला. रशियन घरात ती देवाच्या तसबिरीची जागा!

गायतोंडे १९२४मध्ये इथेच नागपुरात जन्मले, शिकले मुंबईच्या जे. जे.मध्ये. (सय्यद हैदर रझासुद्धा आधी नागपुरातच चित्रकला शिकले. आपल्याकडे मात्र या दोघांची आठवण निघते ती लिलावातले कोटींचे आकडे छापून आले की.) गायतोंडे रोलरने, रंगकामाच्या सुरीने रंग चढवत, खरवडत, पुन्हा चढवत. त्या थरांतून उजेड आतून आल्यासारखा वाटतो. छापील प्रतीत तो निम्मा मरतो, म्हणून मूळ चित्र बघायची संधी सोडू नका.

सगळंच अमूर्त थोर नसतं. सोफ्याच्या रंगाला जुळवून हॉटेलात लावलेली चित्रं मलाही बघवत नाहीत. एक करा: चित्राचा एखादा कोपरा तळहाताने झाकून बघा. काहीच बिघडलं नाही, तर बिनधास्त नावं ठेवा.