आत्ता कोणत्या लेअरवर आहात?

ऑनलाइन रोलप्लेइंग गेममधला नकाशा दिसतो सपाट, पण त्याच्या पोटात तीन-चार थर, म्हणजे लेअर, असतात. असे खेळ जिथे खेळतात त्या रोल२० या साइटवर सगळ्यात खाली मॅप लेअर. जमीन, नदी, अंधारकोठडीच्या भिंती सगळं त्यावर. खेळाडूंना ते दिसतं, पण त्यांचा हात लागत नाही. त्यावर टोकन लेअर, म्हणजे पात्रांच्या सोंगट्यांचा थर, तिथे ज्याचं पात्र त्यानं हलवायचं. त्याच्याही वर जीएमचा, म्हणजे खेळ चालवणाऱ्या गेम मास्टरचा, खासगी थर. सापळे, दबा धरून बसलेले गॉब्लिन (बुटके राक्षस) आणि 'ही साखळी ओढली की छत कोसळतं' असल्या चिठ्ठ्या तिथे राहतात.

पहिला घोटाळा नकाशा टाकतानाच होतो. चित्र ओढून आणलं की जो लेअर चालू असेल त्यावर ते पडतं, आणि बहुतेक वेळा चालू असतो टोकन लेअर. मग गॉब्लिन उचलायला जावं तर अख्खी गुहा हातात येते. चित्रावर राइट क्लिक करून ते मॅप लेअरवर पाठवायचं, की गुहा जागची हलत नाही.

मापाचं गणितही आधीच उरकावं. नकाशावर चौकोनांची जाळी असते, तिला ग्रिड म्हणतात. रोल२० वर एक चौकोन ७० पिक्सेलचा, म्हणजे ३० बाय २० चौकोनांचा नकाशा २१०० बाय १४०० वर बसतो. मूळ चित्र त्याच्या दुप्पट असलं तर झूम केल्यावरही दगड दगडासारखे दिसतात. मात्र चित्रातला चौकोन ७२ पिक्सेलचा भरला, तर पहिल्या दोन-चार रांगांत कुणाला पत्ता लागत नाही. पंचविसाव्या रांगेत ५० पिक्सेलचा फरक पडतो आणि योद्धा अर्धा भिंतीत उभा राहतो. त्यापेक्षा चित्र ग्रिड नसलेलंच घ्यावं. छापलेली ग्रिड आणि सॉफ्टवेअरची ग्रिड एकमेकींशी कधी सरळ वागत नाहीत.

खरी गंमत लेअर बदलायला विसरण्यात. जीएम लेअरवर असताना सहा लांडगे मांडले आणि थरारक आवाजात 'लांडग्यांनी घेरलंय!' म्हटलं, तर समोरच्यांना दिसतं नुसतं कुरण. उलटी चूक महागात पडते. लपवायचा राक्षस टोकन लेअरवर राहिला, तर कुणी काही बोलत नाही. फक्त सगळे जण अचानक त्या कोपऱ्यापासून फार सावध होतात. जीएम लेअरवरची टोकनं आपल्याला फिकट दिसतात, ही खूण डोळ्यांत ठेवावी. आणि एखादी वस्तू क्लिकला दादच देत नसेल, तर माउसला शिव्या घालण्याआधी टूलबारकडे बघावं. ती वस्तू दुसऱ्याच थरावर असते.

डायनॅमिक लायटिंगच्या, म्हणजे पात्राला दिसेल तेवढंच खेळाडूला दाखवणाऱ्या, थराला मात्र वेळ द्यावा लागतो. तिथे भिंतींवरून रेघा ओढायच्या, त्या रेघा नजर आणि उजेड अडवतात. रेघ भिंतीच्या अगदी आतल्या कडेला ओढली तर भिंतच अंधारात जाते. जरा आत, दगडाच्या जाडीत ओढली तर दगड दिसतो आणि पलीकडचं लपतं. कोपऱ्यात केसाएवढी फट राहिली तरी तिच्यातून उजेडाची सुरी शेजारच्या खोलीत घुसते. मुक्तहस्त रेघांचा मोह टाळावा. त्यांत शेकडो बिंदू तयार होतात आणि जुन्या लॅपटॉपचा पंखा किंचाळू लागतो. कोपऱ्या-कोपऱ्यावर क्लिक करत सरळ तुकडे जोडावेत. एखाद्याला निव्वळ काळं दिसत असेल, तर भिंतींपेक्षा आधी त्याच्या टोकनची दृष्टी चालू आहे का, आणि टोकनचा ताबा त्याच्याकडे दिलाय का, ते पाहावं. खेळाच्या आधी एकदा खेळाडू म्हणून आत शिरून बघितलं की यातलं निम्मं तिथेच सापडतं.

फाउंड्री या अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तर भिंती, दिवे, आवाज, टाइल्स (नकाशावर ठेवायची चित्रं) सगळ्यांचे थर वेगळे. तिथली भिंत आवाजसुद्धा अडवू शकते. छताची टाइल वरच्या उंचीवर ठेवून तिला विरघळण्याची सेटिंग दिली, की पात्र घरात शिरताच छत नाहीसं होतं, बाहेर आलं की परत येतं. ती सेटिंग द्यायची राहिली, तर आत दरोडा पडलेला असतो आणि खेळाडू बसतात कौलं मोजत.