भाच्याचा डबा

‘क्रिएटिन? ते तर माझा भाचा घेतो, जिमला जातो म्हणून,’ मी म्हणाले. सायकिअॅट्रिस्टबाई हसल्या. मला बऱ्याच दिवसांनी हसू आलं, म्हणून तो प्रसंग लक्षात राहिला.

एस्सिटालोप्रॅम ही डिप्रेशनवरची गोळी सुरू होऊन सहा आठवडे झाले होते. रडू थांबलं होतं, पण केस धुवायचे म्हटलं तरी छातीत धस्स व्हायचं. आधी थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, ड जीवनसत्त्व असं सगळं तपासून झालं. तिथे काही कमी नव्हतं. मग क्रिएटिनच्या पावडरचा विषय निघाला.

पेशींची ऊर्जा एटीपी नावाच्या रेणूतून येते आणि क्रिएटिन ते झटपट भरून काढायला मदत करतं. स्नायूंसारखीच मेंदूलाही ही गरज असते. कोरियातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये ५२ स्त्रियांवर केलेली चाचणी बाईंनी सांगितली. सगळ्यांना एस्सिटालोप्रॅम होतंच, काहींना सोबत रोज ५ ग्रॅमपर्यंत क्रिएटिन, बाकीच्यांना तशीच दिसणारी खोटी पावडर. आठ आठवड्यांच्या चाचणीत क्रिएटिनवाल्यांना दुसऱ्या आठवड्यापासूनच जास्त आराम दिसला. पण ५२ म्हणजे शाळेतला एक वर्ग! ‘एवढ्यावर शपथ घेऊ नका, करून बघू,’ असं बाईच म्हणाल्या. मला कधी झोपेची गरजच वाटू नये इतका उत्साह चढला होता का, हेही त्यांनी खोदून विचारलं. बायपोलर, म्हणजे कधी उदासी तर कधी असा अति उत्साह येणारा आजार, असेल तर ही पावडर उलटू शकते.

(एका मैत्रिणीने ‘नैसर्गिक’ म्हणून सेंट जॉन्स वॉर्ट या वनस्पतीच्या कॅप्सूल सुचवल्या होत्या. बाईंनी कपाळाला हात लावला. माझ्या गोळीसोबत त्याने सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन धोक्याइतकं वाढू शकतं, शिवाय गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होतो.)

पावडरचा डबा मी ओट्यावर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा. गोळ्या मात्र कपाटात, मोज्यांच्या आत. डब्याबद्दल कुणी विचारलं की ‘ताकदीसाठी’ म्हणायचे. तिसऱ्या आठवड्यात खरंच बरं वाटू लागलं आणि सगळं श्रेय मी डब्याला देऊन टाकलं. कुणाला न विचारता गोळी बंद केली. चार दिवसांत गरगरायला लागलं, मान वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखं व्हायचं. बाई रागावल्या नाहीत. त्या चाचणीत नुसती पावडर कुणालाच दिली नव्हती, एवढीच आठवण त्यांनी करून दिली. बरं कशाने वाटलं, गोळीने, पावडरने की नुसत्या दिवस उलटण्याने, हे मला आजही सांगता येणार नाही.

पुढे एका तपासणीत क्रिएटिनिन थोडं जास्त आलं, तेव्हा त्या डॉक्टरांना पावडरचं आठवणीने सांगितलं. क्रिएटिनचंच पुढे क्रिएटिनिन होतं, त्यामुळे मूत्रपिंड ठणठणीत असलं तरी तो आकडा वर जाऊ शकतो. त्यांनी खात्रीसाठी आणखी एक तपासणी केली, ती ठीक निघाली.

आता गोळ्यांची पट्टी डब्याला टेकूनच असते. परवा भाच्याने ती उचलून पाहिली. ‘मावशी, हे कशासाठी?’

‘डिप्रेशनसाठी.’

थोडा वेळ तो गप्प बसला. मग डब्याकडे बोट दाखवून म्हणाला, ‘आणि हे किती घेतेस? पाच ग्रॅम?’

‘पाच.’

‘मी पण.’