'अलोन'च्या कुळाची वही : नवा रकाना आणि 'सोलो'चा गुंता

एकटेपणाच्या इंग्रजी शब्दांची वही या पावसाळ्यात बरीच पुढे सरकली. मोठा बदल मांडणीत आहे. आधी शब्द मुळांप्रमाणे लावले होते : जुनी इंग्रजी, लॅटिन, ग्रीक. त्यातून कूळ कळतं, पण 'सॉलिटरी' कुठे आणि 'सिंगल-हँडेड' कुठे वापरायचा ते कळत नाही. म्हणून प्रत्येक शब्दापुढे एक रकाना वाढवला : 'काय नाही?' सोबत नाही, मदत नाही, वाट नाही, की दोर नाही? शब्दवेड्या मित्रांनो, हा रकाना तुमच्याही वह्यांत आखून पाहा, असं मनापासून सुचवतो.

पहिली गंमत 'अलोन'चीच. मूळ अर्थाने त्याच्यापुढे काहीच लिहिता येत नाही, कारण तो 'ऑल' आणि 'वन' मिळून झाला : पुरता एक, अख्खा एक. साधारण १३००च्या सुमारास ही जोडी एक शब्द म्हणून स्थिरावू लागली. पुढे त्याचा पहिला 'अ' गळून 'लोन' उरला (कर्जाचा नव्हे, 'लोन वुल्फ'मधला), आणि त्यातून 'लोनली'. 'ओन्ली' मात्र यांच्यापेक्षा जुना, थेट जुन्या इंग्रजीतला. 'अटोन'सुद्धा याच घरातला : 'अ‍ॅट वन', म्हणजे दुरावलेल्यांनी पुन्हा एक होणं. उच्चार लक्ष देऊन ऐका. 'वन'मधला 'व' इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडच्या बोलींतून आला आणि मग प्रमाण ठरला. अलोन, ओन्ली, अटोन यांनी जुना 'ओ' सोडला नाही. आजोबांची बोली घरात फक्त नातवंडांच्या तोंडी उरावी, तसं झालंय.

'लोनली'त उदासी उशिरा शिरली. शेक्सपिअरने 'कोरिओलेनस'मध्ये हा शब्द दलदलीत राहणाऱ्या ड्रॅगनला लावला, तेव्हा अर्थ नुसता 'एकटा राहणारा' असा होता. सोबतीची ओढ, पोकळी, हे सगळं १९व्या शतकाच्या सुरुवातीला आलं. आपल्या 'एकाकी'शी तो आज जुळतो, तेव्हा जुळला नसता.

आता 'सोलो'. माझा सर्वांत जास्त वेळ इथेच गेला, आणि अजूनही मन भरलेलं नाही. लॅटिन 'सोलुस'वरून इटालियन 'सोलो', आणि १७व्या शतकाच्या अखेरीस संगीतातून इंग्रजीत. पण संगीतातला सोलो एकटा असतोच असं नाही! त्या काळी व्हायोलिनचा सोलो म्हटला की खाली हार्पसिकॉर्ड, चेलो अशा वाद्यांची खर्जातली साथ गृहीत असे. म्हणूनच जर्मन संगीतकार बाखने १७२०च्या हस्तलिखितावर व्हायोलिनचे 'सहा सोलो' एवढं लिहून न थांबता 'खर्जाच्या साथीविना' असंही घातलं. इंग्रजीला 'सोलो' असताना 'अनअकम्पनीड' वेगळा का लागतो, ते इथे उमगलं. आपल्याकडे हे समजावून सांगायची गरजच नाही. तबला सोलो ऐकायला गेलो की हार्मोनियमवर किंवा सारंगीवर लेहरा (तालाचं आवर्तन धरून ठेवणारी, पुन्हा पुन्हा वाजणारी धून) चालूच असतो, आणि तरी ते स्वतंत्र वादनच. रकान्यात लिहिलं : 'बरोबरीचा कलाकार नाही, साथ असू शकते.'

कड्यावर गेल्यावर हाच शब्द पालटतो. आपले सह्याद्रीतले भटके 'सोलो ट्रेक' म्हणतात, तेव्हा सोबती नसतो. गिर्यारोहकांच्या 'रोप सोलो'तही जोडीदार नाही, पण दोर आहे. 'फ्री सोलो'त दोरच नाही. ३ जून २०१७ला अ‍ॅलेक्स होनोल्ड हा गिर्यारोहक अमेरिकेतल्या एल कॅपिटन या कड्याची सुमारे ९०० मीटरची भिंत दोराविना चढला, तेव्हा चित्रीकरण करणारे त्याच भिंतीवर दोराला लटकलेले होते. म्हणजे माणसं होती, दोर नव्हता. 'अलोन' म्हणता येणार नाही, 'फ्री सोलो' शंभर टक्के. रकाना कशासाठी केला, ते दाखवायला मी हेच उदाहरण देतो.

समुद्रावर तीन शब्द एका रांगेत उभे राहतात : 'सोलो, नॉन-स्टॉप, अनअसिस्टेड'. सोबती नाही, थांबा नाही, मदत नाही. जोशुआ स्लोकम १८९५ ते १८९८मध्ये 'स्प्रे' ही शिडाची बोट घेऊन एकट्याने पृथ्वीला फेरी मारणारा पहिला माणूस ठरला, पण बंदरं घेत घेत. २००९-१०मध्ये दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून एकट्याने प्रदक्षिणा केली ती चार थांबे घेऊन. त्याच बोटीतून २०१२-१३मध्ये अभिलाष टॉमी मुंबईहून निघाले ते कुठेही न थांबता मुंबईलाच परतले. तिन्ही शब्द त्यांचे.

'सिंगल-हँडेड'मधला 'हँड' नौकानयनात खलाशी असतो, पंजा नव्हे. दिलना आणि रूपा या नौदल अधिकाऱ्यांनी २०२४-२५मध्ये गोव्याहून निघून गोव्याला परतत केलेली प्रदक्षिणा म्हणूनच 'डबल-हँडेड'. 'कामाला हात कमी पडतात' म्हणणाऱ्या आपल्याला हे परकं वाटू नये. आपला 'एकहाती' मात्र बोटीपेक्षा सामन्यात आणि सत्तेत जास्त रमतो.

बाकीच्या नोंदी थोडक्यात. 'हर्मिट' ग्रीक 'एरेमोस'वरून : वस्ती नाही, ओसाड रान. 'मंक' ग्रीक 'मोनोस'वरून, एकटा. पण राहतो मठात, चारचौघांत. 'आयसोलेटेड' लॅटिन 'इन्सुला'वरून : बेटावर पडलेला, म्हणजे वाट नाही. ('आयलंड'मधला एस मात्र या कुळाच्या नादाने नंतर घुसवलेला.) 'सलन'सुद्धा 'सोलुस'चाच वंशज, आधी एकांडा, मग घुमा, मग फुरंगटलेला. एका शब्दाचा असा स्वभाव बदलत जाणं मला फार विलक्षण वाटतं.

लंडनच्या बोलीतला 'ऑन माय टॉड' मिळाला तेव्हा अक्षरशः टाळी वाजवली. टॉड स्लोन हा अमेरिकी जॉकी १९व्या शतकाच्या शेवटी इंग्लंडात गाजला. 'स्लोन'चं यमक 'ओन'शी, म्हणून 'ऑन माय ओन'ऐवजी 'ऑन माय टॉड स्लोन'. मग तिथल्या यमकबोलीच्या रीतीप्रमाणे यमकाचा भागच गाळला. ऑस्ट्रेलियात त्याच चालीवर 'पॅट मलोन'चा 'ऑन माय पॅट'.

पुढचा टप्पा कायदा आणि धंद्याचा. 'सोल ट्रेडर' (एकट्याच्या मालकीचा धंदा करणारा), 'लोन वर्कर' (कामावर एकटाच असणारा), आपल्या २०१३च्या कंपनी कायद्यातली 'वन पर्सन कंपनी', आणि सर्वांत अवघड 'कॉर्पोरेशन सोल' : एकाच माणसाच्या पदाला संस्था मानणं, जसं इंग्लंडात बिशपचं पद. माणूस बदलतो, संस्था तीच राहते. या शब्दापुढे 'काय नाही' म्हणून काय लिहावं, ते अजून ठरत नाहीये. 'भागीदार नाही' एवढं पेन्सिलीने लिहून ठेवलंय. वकिली करणारं कुणी आपल्यात असेल तर कळवा.